अडीच किलोची रेघ

फॅमिली ग्रुपवर नव्या बाळाचा पहिला फोटो येतो, तेव्हा खाली काय लिहिलेलं असतं? "मुलगी झाली. 2 किलो 600 ग्रॅम. दोघी सुखरूप." लगेच एखादी मावशी विचारते, "अडीचच्या वर आहे ना? मग काळजी नाही."

हा अडीचचा आकडा आला कुठून, ते आज बघू.

आर्वो युल्प्यो हे फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ. बर्लिनमध्ये काम करताना, 1919-20 च्या सुमारास, त्यांनी 2500 ग्रॅमची रेघ ओढली. पण ती पोषणाची रेघ नव्हतीच! दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ ओळखायला ती होती. 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीच उचलली. घोळ इथेच झाला. सातव्या महिन्यात आलेलं बाळ आणि पूर्ण नऊ महिने पोटात राहूनही उपाशी राहिलेलं बाळ, दोघं एकाच खात्यात! हे लक्षात आल्यावर 1961 मध्ये 'कमी वजनाचं बाळ' असं नाव दिलं गेलं. नाव बदललं, रेघ तीच राहिली.

1963 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉ. लुला लुब्चेन्को यांनी पाच हजारांहून जास्त बाळांच्या नोंदींवरून तक्ता काढला: किती आठवड्यांच्या बाळाचं किती वजन? आता निदान प्रश्न तरी बरोबर विचारला जाऊ लागला. (गंमत म्हणजे डेन्व्हर आहे समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, आणि उंचावर बाळं जरा हलकीच जन्मतात. तरी तो तक्ता कुठे कुठे वापरला गेला!)

पण काटा शेवटी वजनच सांगतो. ते हाडाचं, स्नायूचं की चरबीचं, हे सांगत नाही. 1994 मध्ये जॅक मेटकॉफ यांनी काटा बाजूला ठेवून बाळाकडेच बघायला सांगितलं. केस मऊ, चापून बसणारे की विरळ आणि उभे? गाल भरलेले की बसलेले? हातापायांवरची कातडी घट्ट की सैल, सुरकुतलेली? हनुवटी-मान, पाठ, कुल्ले, छाती, पोट... अशा एकूण 9 जागा. प्रत्येकी 1 ते 4 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 36. पंचविसाच्या खाली गेलं, तर बाळ पोटात असतानाच कुपोषित झालं असं धरायचं, वजन काहीही असो. यंत्र नको, वीज नको. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली सगळ्यात शहाणी युक्ती हीच.

आणि आता आपल्या पुण्याजवळ या. 1990 च्या दशकात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. वजन, लांबी, डोकं, दंड, पोट, सगळं मोजलं. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, चिमटीसारख्या कॅलिपरनं कातडीची जाडीही मोजली. मग इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांशी तुलना केली. तिकडचं सरासरी वजन 3.5 किलो, इकडचं 2.7. पोटाचा घेर आणि दंड तर फारच बारीक. पण पाठीवरची चरबी? त्या मानानं जवळजवळ टिकून! 2003 मध्ये हे छापून आलं, आणि 'थिन-फॅट बेबी' हा शब्द जगभर गेला. दिसायला किडकिडीत, पण स्नायू कमी आणि चरबी राखलेली. पुढे मधुमेहाकडे झुकणारं शरीर म्हणतात, त्याची सुरुवात जन्माच्या दिवशीच दिसत होती.

आणि त्या गावांतल्या बाळांचं सरासरी वजन अडीचच्या वरच होतं.