पाऊस, घड्याळ आणि सॉफ्टबॉल

आपल्या शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळलेल्या प्रत्येकीला दोन प्रतिस्पर्धी आठवत असतील : समोरचा संघ आणि पाऊस. गंमत म्हणजे या खेळाचा जन्मच मुळी वाईट हवेमुळे झाला. नोव्हेंबर १८८७ मध्ये शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण येल-हार्वर्ड फुटबॉल सामन्याचा निकाल तारेने कळण्याची वाट पाहत बसले होते. निकाल आला आणि त्या आनंदात एकाने बॉक्सिंगचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक यांनी तोच हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, खडूने बेस आखले आणि हिवाळ्यात छपराखाली खेळायचा बेसबॉल सुरू झाला. १८९५ मध्ये मिनियापोलिसच्या अग्निशमन दलातील लुइस रोबर यांनी बंबखान्याशेजारच्या मोकळ्या जागेत असाच खेळ मांडला. आगीची वर्दी येईपर्यंतच्या वेळात जवानांचा व्यायाम व्हावा, हा त्यांचा हेतू. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ मध्ये मिळाले. बेसबॉलच्या नऊ इनिंग, तर याच्या सातच.

भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये जोधपूरला स्थापन झाली. पुढे शालेय स्पर्धांमधून हा खेळ महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचला. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा बहुतेक पावसाळ्यात किंवा त्याच्या शेवटी येतात. मैदान एक, संघ अनेक आणि संध्याकाळची एसटी चुकवून चालत नाही. मग सात इनिंग कशा पुऱ्या व्हायच्या?

नियमांनी याचा विचार केलेला आहे. पाच इनिंग पूर्ण झाल्यावर पावसाने खेळ थांबला, तर सामना झाला असे धरतात. त्याआधी थांबला, तर जिथे थांबला तिथूनच पुढे खेळायचा. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन इनिंगनंतर १५, चारनंतर १० किंवा पाचनंतर ७ धावांची आघाडी असेल, तर सामना तिथेच संपतो. स्थानिक स्पर्धांत याला वेळेची मर्यादा जोडतात : ठरलेली मिनिटे झाली की नवी इनिंग सुरू करायची नाही, चालू असलेली मात्र पुरी करायची.

या शेवटच्या अटीत सगळा न्याय आहे. क्रिकेटच्या एकदिवसीय सामन्यात एक संघ आपला डाव खेळून मोकळा होतो आणि पाऊस दुसऱ्याच्या वाट्याला येतो. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीला दक्षिण आफ्रिकेचे काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. डकवर्थ-लुइसचे गणित त्यानंतर आले. सॉफ्टबॉलला त्या गणिताची गरज नाही. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना तीन-तीन आऊट मिळतात, म्हणून पुऱ्या इनिंगवर थांबले की हिशेब बरोबर असतो. अर्ध्यावर थांबले की बिघडतो.

घड्याळ आले की युक्त्याही येतात. आघाडीवरची पिचर बुटाची नाडी तीनदा बांधते. आभाळ भरून आले आणि पाचवी इनिंग चालू असली, की चित्र उलटे : आघाडीवरच्या बॅटर मुद्दाम आऊट होऊ पाहतात आणि मागे असलेला संघ वेळ काढतो. म्हणूनच मुद्दाम खेळ लांबवणाऱ्या संघाला जसा सामना गमवावा लागू शकतो, तसाच तो मुद्दाम उरकणाऱ्यालाही गमवावा लागू शकतो.

आमच्या वेळची एक मॅच सांगते. जिल्हा पातळीवर चौथ्या इनिंगमध्ये पाऊस कोसळला. आम्ही एका धावेने मागे होतो. दुसऱ्या दिवशी मैदान दुसऱ्या खेळाला दिलेले होते, म्हणून आयोजकांनी चिठ्ठ्या टाकल्या. आमची चिठ्ठी निघाली. आम्ही ओरडलो, नाचलो. समोरच्या मुली मात्र भिजलेले ग्लोव्हज पोटाशी धरून गुपचूप बसल्या होत्या. त्यांची पिचर अकरावीत पुन्हा खेळायला आली नाही, एवढे नंतर कळले. आयोजकांच्या मनात खोट नव्हती. अशा वेळी काय करायचे, हे आधी कुणी लिहूनच ठेवले नव्हते.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकचा अंतिम सामना पावसात झाला. सात इनिंगमध्ये निकाल लागला नाही, तेव्हा आठवी खेळवली आणि अमेरिकेने जपानला २-१ ने हरवले. हरलेल्यांना निदान मैदानावर हरता आले.

माजी विद्यार्थी संघाने यंदा मुलींच्या सॉफ्टबॉलसाठी फिरती ढाल देण्याचे ठरवले आहे. माझी सूचना छोटी आहे. सामन्यांच्या वेळापत्रकाच्या पाठीमागे चार ओळी छापाव्यात : वेळ किती, नवी इनिंग कधीपर्यंत, पाऊस आला तर किती इनिंग ग्राह्य, आणि राखीव दिवस कोणता. चौथी ओळ सगळ्यात महाग पडेल, कारण त्या दिवसाचे मैदान आणि मुलींचे जेवण यांचा खर्च येईल. तो आमच्या बॅचकडे लागला.