लॉनमोअर ब्लेनी

ब्लेनिइडी कुलातील, शैवालावर जगणारा एक लहान सागरी मासा. शास्त्रीय नाव सॅलॅरियस फॅसिएटस. बर्लिन येथील वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ मार्कस एलिझर ब्लॉख यांनी १७८६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. तांबडा समुद्र व पूर्व आफ्रिकेचा किनारा येथपासून सामोआपर्यंत आणि दक्षिणेस ग्रेट बॅरियर रीफपर्यंत तो आढळतो. प्रवाळभित्तीवरील उथळ, शैवाल माजलेल्या खडकांत त्याची वस्ती असते.

त्याची लांबी जास्तीत जास्त १४ सेंमी. असते. अंगावर खवले नसून बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. तपकिरी-करड्या रंगावरील पट्टे व पांढुरके ठिपके यांमुळे तो खडकात सहज मिसळून जातो. डोळ्यांवर झुपकेदार स्पर्शिका असतात. इतर माशांप्रमाणे पाण्यात तरंगत राहणे त्याच्या स्वभावात नाही. तो पोटाखालच्या परांवर टेकून दगडावर बसतो आणि डोळे फिरवून आसपास पाहत राहतो. जबड्यात फणीसारखे रांगेने लागलेले असंख्य बारीक, हलणारे दात असतात. त्यांनी तो खडकावरचा शैवालाचा कोवळा तंतुमय थर खरवडतो. या थरासोबत त्यात अडकलेला सेंद्रिय गाळही त्याच्या पोटात जातो व त्याच्या आहारात या गाळाचा वाटा मोठा असतो.

पाळीव माशांच्या बाजारात हा मासा ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जातो आणि त्याच्या अकाली मृत्यूचे मूळ बहुधा येथेच असते. नव्या, स्वच्छ टाकीत त्याला खायला काही नसते. जुन्या टाकीतही उपलब्ध थर लवकर संपतो. लांब वाढलेले केसाळ शैवाल व निळे-हिरवे जिवाणू तो सहसा खात नाही. मग काही आठवड्यांत पोट आत जाते. म्हणून टाकी परिपक्व झाल्यावर, तिच्यातील खडकांवर शैवालाचा थर दिसू लागल्यावरच तो आणावा. थर विरळ होताच नोरी हे वाळवलेले सागरी शैवाल दगडाला बांधून द्यावे. स्पिरुलिनायुक्त खाद्यही चालते. विकत घेण्यापूर्वी तो दुकानात काही खातो का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. पोट भरलेले, किंचित गोल असावे.

टाकी किमान १०० लिटरची, दगडांत भरपूर कपारी असलेली असावी. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश से., विशिष्ट गुरुत्व सु. १.०२५ आणि पीएच ८.१ ते ८.४ ठेवतात. तो उडी मारतो, म्हणून झाकण आवश्यक. आपल्या जागेवर तो हक्क सांगतो. त्याच जातीचा किंवा तशाच आकाराचा दुसरा ब्लेनी लहान टाकीत ठेवू नये. इतर शांत माशांशी त्याचे सहसा जमते. उपाशी असताना मात्र तो प्रवाळांना व मोठ्या शिंपल्यांच्या मांसल कडांना टोचतो. अशा वेळी मासा बदलण्याआधी त्याचा आहार वाढवून पाहावा.

भारतीय छंदिष्टांनी एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये कठीण प्रवाळांना संरक्षण आहे, त्यामुळे आपल्या समुद्रातून ते काढून टाकीत ठेवता येत नाहीत. ब्लेनीला जिवंत प्रवाळांची गरजही नसते. भोके असलेला खडक, स्वच्छ खारे पाणी व रोजचे शैवाल एवढ्यावर तो चांगला वाढतो.