महालक्ष्म्या कुठं उभ्या करायच्या? वऱ्हाडातल्या रिकाम्या घराची गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज भुई, खुंटी, देवळी आणि कपाट यांचा इतिहास सांगणार आहे.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. मागच्या वर्षी आम्ही अमरावतीत टू बीएचके फ्लॅट घेतला. त्याआधी सहा महिने मी आणि बायको रील्स सेव्ह करत होतो. पांढऱ्या भिंती, हँडल नसलेली कपाटं, एक सोफा, एक कुंडी, बस. मिनिमलिस्ट! इंटिरिअरवाल्यानं अगदी तसंच करून दिलं. देवघर एका शटरच्या मागं गेलं. एल आकाराचा सोफा खिडकीच्या कोपऱ्यात बसला, समोरच्या भिंतीला टीव्ही युनिट ठोकलं गेलं.

मग अकोल्याहून आजी आली. वय ८४. तिनं घरभर चक्कर मारली, सोफ्याच्या काठावर टेकली आणि म्हणाली, "चांगलं हाये बाप्पा. पण मालक्ष्म्या कुठी उभ्या करशीन?"

मी हॉलकडं पाहिलं. हॉल फोटोत रिकामा दिसत होता. पण दोन महालक्ष्म्या, त्यांची दोन लेकरं, वरून बांधायचा फुलोरा आणि समोर बसणारी पंगत यांना जागा कुठंच नव्हती.

प्रश्न साधा नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं घर बाबा आणि काकांनी विकलं होतं. काका पुण्यात, वन बीएचकेमध्ये. आईबाबा आता आमच्याकडं. म्हणजे यंदा माझ्या घरी झालं नाही, तर आमच्या घराण्यातला हा सण तिथंच थांबणार होता.

आधी महालक्ष्म्यांबद्दल

पुण्या-मुंबईकडं ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना आपल्याकडं महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. कोठ्यांवर मुखवटे बसवायचे, साडी नेसवायची, कोठीत धान्य भरायचं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी, ज्वारीची आंबील, कढी आणि गावभरचे पाहुणे.

आणि एक पद्धत आहे, ती लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. मुखवटे दारातून आत आणले की त्यांना सगळं घर दाखवतात. स्वयंपाकघर, कोठीची खोली, तिजोरी, सगळं. मगच त्यांना जागेवर नेतात.

खणांचं घर

आता थोडं मागं जाऊ. वऱ्हाडातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. जाड मातीच्या भिंती, सागाच्या मयाली, त्यावर फळ्या-काड्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गावाची जमीनही दोन रंगांत वाटलेली असायची. काळी पेरायला, पांढरी राहायला. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. त्या उन्हात या भिंती आणि हे धाबं हाच त्या काळचा कूलर.

हे घर खणांत मोजायचे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. "पाच खणाचं घर" म्हणायचे, "दोन बेडरूमचं" नाही. सैपाकाची आणि देवाची जागा सोडली, तर बाकीच्या खणाला एक काम असं नसायचं. दुपारी तिथंच झोपायचं, संध्याकाळी तिथंच धान्य निवडायचं, उन्हाळ्यात सरगुंडे, कुरड्या आणि पापड तिथंच वाळून यायचे. आणि दिवाळीच्या आसपास तिथं कापूस यायचा. वेचलेला कापूस विकेपर्यंत घरात भरून ठेवायची रीत वऱ्हाडात होती, काही गावांत अजूनही आहे. अख्खी खोली कापसानं पार वरपर्यंत भरलेली आणि त्यात उड्या मारणारे पोट्टे. ज्यांनी मारल्यात त्यांना अंग कसं खाजतं तेही माहीत आहे.

म्हणजे जागा रिकामी ठेवावीच लागायची. त्यासाठी युक्त्या होत्या. कपडे खुंटीवर. दिवा, कुंकवाचा करंडा, किल्ल्या भिंतीतल्या देवळीत. (पश्चिमेकडं याला कोनाडा म्हणतात.) बाज दिवसा भिंतीला उभी. पाट एकावर एक रचलेले. सतरंजी आली की बैठक, पाट आले की पंगत, गोधडी आली की झोपायची खोली. सामान हलकं, भिंत कामाची, भुई मोकळी.

मग घर भरलं कसं?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवासा झाला. भाव चढले. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेली. अकोला आणि बडनेऱ्यातून गाठी मुंबईला जायला लागल्या आणि परतीच्या वाटेनं मुंबईच्या वस्तू यायला लागल्या. पैसेवाल्यांच्या वाड्यांत दिवाणखाना सजला. वकील, डॉक्टर, मामलेदार यांच्या घरी टेबल-खुर्ची आली. खुर्ची ही मोठी गोष्ट होती. खुर्ची आली की भुईवर बसणारा आणि वर बसणारा असे दोन थर एकाच खोलीत पडतात.

१९२३ मध्ये गोदरेजनं पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत हे कपाट मध्यमवर्गीय घरात आणि लग्नाच्या आहेरात येऊन बसलं. मग सिमेंटचा स्लॅब, मग शोकेस, मग दिवाण, मग सोफासेट, मग टीव्ही. माझ्या लहानपणी आमच्या शोकेसमध्ये काचेची बदकं होती आणि कोणालाही न दिलेले कपबशीचे दोन सेट होते. महालक्ष्म्यांच्या आधी बाबा आणि काका दोन दिवस सोफे उचलून शेजाऱ्यांकडं ठेवायचे.

युरोपात या भरलेल्या घराला कंटाळून वेगळी चळवळ सुरू झाली. १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार गावात बाउहाउस ही शाळा निघाली. सरळ रेषा, कमी वस्तू, नक्षी नाही. आपण रील्समध्ये पाहतो त्या घरांची पणजी ती. म्हणजे मी जो रिकामेपणा पैसे मोजून घेतला, तो जर्मनी फिरून माझ्याकडं आला होता. आजीकडचा रिकामेपणा तिकडं अकोल्यातच विकला गेला.

वर्धा नदीच्या पलीकडं

आपल्या भागातले दोन लोक या गोष्टीत घेतलेच पाहिजेत. पहिले गाडगेबाबा. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्म. स्वतःचा संसार काय, तर एक गाडगं, एक खराटा आणि अंगावर चिंध्या. याहून मिनिमलिस्ट माणूस सापडायचा नाही. पण त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी खोली ठेवली नाही, येणाऱ्या गरिबासाठी मात्र शेकडो लोक टेकतील एवढ्या खोल्या उभ्या केल्या.

दुसरं सेवाग्राम. अमरावतीहून वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतं आणि पुढं वर्धा लागतं. गांधीजी १९३६ मध्ये तिथल्या शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. बुलढाण्यातलं गजानन महाराजांचं शेगाव वेगळं. दोन्हींचा घोळ होऊ नये म्हणून पुढं त्याचं नाव सेवाग्राम झालं. माती, बांबू, लाकूड, कवेलू. बापू कुटीत चटई, बुटकं मेज, बांबूच्या फळ्या. भिंतीवर मीराबेननं मातीतच उठवलेली झाडं. इव्हान इलिच नावाचे विचारवंत १९७८ मध्ये तिथं आले, कुटीत बसले आणि घर वेगळं आणि सामान ठेवायची जागा वेगळी, अशा अर्थाचं बोलून गेले.

पण तिथं गेलात तर बापू कुटीवरच थांबू नका. सुरुवातीला सगळे आदी निवासमध्ये राहायचे. एकच मोठी खोली, त्यात गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे. कस्तुरबांना त्या मोकळ्या खोलीत अवघडल्यासारखं व्हायचं. मग जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी छोटी कुटी बांधून दिली, तीच बा कुटी. मी दोनदा तिथं गेलो होतो आणि दोन्ही वेळा बा कुटीसमोरून नुसता पुढं गेलो होतो. आजीच्या प्रश्नानंतर तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा तिथं थांबलो.

जुन्या घराचं बिल

कारण जुनं घर सगळ्यांसाठी मोकळं नव्हतं. आजीलाच विचारलं. म्हणाली, भुई दर आठ दिवसांनी शेणानं सारवायची, तिचे गुडघे त्यातच गेले. पाळीच्या दिवसांत तिला मागच्या सपरीत वेगळं बसावं लागायचं, थंडीतही. काही लोक तर ओसरीच्या पुढं कधी आलेच नाहीत, जात पाहून त्यांना अंगणातूनच बोलवायचे. पंगतीत बायका शेवटी, तेव्हा कढी संपलेली असायची. माणसं कुठं बसतील हे त्या मोकळ्या भुईवरही ठरलेलं होतं.

म्हणून बायकोनं मला सरळ सांगितलं, "महालक्ष्म्या बसव. पण मी तीन दिवस एकटी ओट्याशी उभी राहणार नाही." बरोबर होतं तिचं. सजावटीच्या वादापेक्षा हा वाद मोठा होता आणि आमच्या घरी तो तीन-चार दिवस चालला. आई म्हणायची, एवढं तरी झालंच पाहिजे. बायको म्हणायची, मग सगळ्यांनी करा. शेवटी आजीनंच तोडलं. "सोळा भाज्या तू चिर," ती मला म्हणाली. "हात तुटत नाही."

यंदा काय केलं

एल आकाराचा सोफा विकला, घाट्यात. त्याऐवजी दोन गाद्या आणि तक्के घेतले, आणि अकोल्याच्या घरातली बाज आणली. ती दिवसा बाल्कनीत उभी असते. देवघराचं शटर काढलं. हॉलच्या एका भिंतीला आठ खुंट्या बसवल्या. इंटिरिअरवाल्याला फोटो पाठवला, त्यानं विचारलं, "सर, हे परमनंट आहे का?" पांढऱ्या भिंती तशाच ठेवल्या, त्या आम्हाला अजूनही आवडतात. टीव्ही युनिटही तिथंच आहे, फुलोरा त्याच्याच पुढ्यात बांधला.

भाज्या मी आणि बाबांनी चिरल्या. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा. पंगत चाळीसवरून अठरावर आली आणि बायका पहिल्या पंगतीत बसल्या. आई थोडी नाराज होती, ती पहिल्या पंगतीत बसली मात्र.

मुखवटे आणले त्या संध्याकाळी आजीनं घर दाखवायला घेतलं. स्वयंपाकघरात आली आणि हँडल नसलेल्या ड्रॉवरसमोर अडली. ओढू कुठून? मी म्हटलं, "आजी, ओढू नको, ढकल." तिनं मुखवटा एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं ड्रॉवर ढकलला. टक् करून उघडला. आत चमचे आणि गॅसचं कार्ड. "हे पाय माय," ती महालक्ष्मीला म्हणाली, "हे असं हाये."

तर मंडळी, यावेळी तुमच्यासाठी एक काम. आजच घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, जुन्या घरात पाहुणे आले की झोपायचे कुठं, आणि सगळ्यात शेवटी कोण झोपायचं. उत्तर व्हॉइस नोटमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. घर विकलं तरी ते राहील. भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!