ढाक्याची पटकी संशोधन प्रयोगशाळा : संशोधन-सहकार्याच्या टिकाऊपणाचा इतिहास

विकसनशील देशांतील संशोधन-सहकार्याचा विचार प्रायः करार, अनुदान आणि प्रकल्पाची मुदत यांच्या अंगाने केला जातो. ढाक्याच्या पटकी (कॉलरा) संशोधन प्रयोगशाळेचा इतिहास हा विचार अपुरा असल्याचे दाखवतो. १९६० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानात 'सीटो' या लष्करी संघटनेच्या छत्राखाली, प्रामुख्याने अमेरिकेच्या साहाय्याने ती स्थापन झाली. पुढे १९७१ मध्ये पाकिस्तान दुभंगला, १९७७ मध्ये 'सीटो'ही विसर्जित झाली. प्रयोगशाळा मात्र टिकून राहिली.

याचे एक कारण 'मतलब' या ग्रामीण भागात सापडते. लसीच्या चाचण्यांसाठी १९६३ मध्ये तेथे क्षेत्रीय केंद्र उघडले गेले आणि १९६६ पासून जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर जाऊन नियमित नोंद होऊ लागली. त्या काळच्या लसीचे संरक्षण अल्पकालीन ठरले. तिच्यासाठी उभारलेली नोंदव्यवस्था मात्र चिरस्थायी झाली. १९७७ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबनियोजनाच्या प्रयोगालाही तिचाच आधार मिळाला. हे काम स्थानिक कर्मचाऱ्यांनी केले. शोधनिबंधांच्या शीर्षभागी त्यांची नावे क्वचितच आढळतात, ही बाब सहकार्याच्या इतिहासात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

१९६८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तोंडावाटे द्यावयाच्या द्रावणाविषयीच्या निबंधात डेव्हिड नालिन व रिचर्ड कॅश यांच्यासमवेत रफिकुल इस्लाम व माजिद मोल्ला हे स्थानिक सहलेखक होते. १९७१ च्या निर्वासित छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले. महाराष्ट्रात ते 'जलसंजीवनी' म्हणून घरोघरी परिचित आहे.

१९७८ मध्ये बांगलादेश सरकारच्या अध्यादेशाने प्रयोगशाळेचे रूपांतर अतिसार संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात झाले. तिला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व व बहुराष्ट्रीय विश्वस्त मंडळ लाभले, आणि एकाच देणगीदाराची इच्छा निर्णायक राहिली नाही. नेतृत्वाचे हस्तांतरण मात्र फारच मंद गतीने झाले : डॉ. तहमीद अहमद हे केंद्राचे पहिले बांगलादेशी कार्यकारी संचालक २०२१ मध्ये झाले.

आर्थिक परावलंबनही पूर्णतः संपले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी निधी गोठवला गेल्यावर त्यावर चालणाऱ्या प्रकल्पांतील एक हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची पत्रे मिळाली.