विम्बल्डनवर सामना जिंकणारी मुंबईची लीला, आणि आपलं सात गुंठ्यांचं कोर्ट

विम्बल्डन सुरू झालं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'विम्बल्डन जिंकणारी पहिली भारतीय महिला मराठी घरातली होती!' खाली तिरंगा, हात जोडलेले. मंडळी, यातलं अर्धंच खरं आहे. तिने विम्बल्डन जिंकलं नाही, विम्बल्डनमधला एक सामना जिंकला. पण हा एक सामना कसा घडला ते नीट पाहिलं, तर फॉरवर्ड करून अभिमान बाळगण्यापेक्षा जास्त काहीतरी हाताला लागतं. म्हणून आज जरा लांब लिहितेय.

तिचं नाव लीला राव. जन्म मुंबईचा, 1911 चा. वडील डॉ. राघवेंद्र राव, त्या काळातले नामवंत डॉक्टर. आई म्हणजे पंडिता क्षमा राव. संस्कृत शिकलेल्यांना हे नाव माहीत असेल. त्यांनी 'सत्याग्रहगीता' हे गांधीजींच्या चळवळीवरचं काव्य संस्कृतात लिहिलं आणि ते 1932 मध्ये थेट पॅरिसमध्ये छापलं गेलं. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची चरित्रंही त्यांनी संस्कृत पद्यात लिहिली. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित. 1869 मध्ये सरकारी मदतीने तुकारामांच्या गाथेची जी आवृत्ती निघाली, तिच्या संपादनात त्यांचा हात होता. ते गेले तेव्हा क्षमा जेमतेम चार वर्षांची होती.

आता गंमत बघा. ही संस्कृत पंडिता स्वतः टेनिस खेळायची. नुसती विरंगुळ्यासाठी नव्हे, 1920 च्या दशकात देशातल्या चांगल्या महिला खेळाडूंमध्ये तिची गणना होती. लेकीच्या हातात रॅकेट आईनेच दिली आणि पुढे मायलेकी दुहेरीत एकत्र उतरल्या. ज्या काळात आपल्याकडे मुलगी वयात आली की अंगणात खेळणंही बंद व्हायचं, त्या काळात एका घरात आई लेकीला सर्व्हिस शिकवत होती.

1934 चं विम्बल्डन. हे तेच वर्ष, जेव्हा फ्रेड पेरी आणि डोरोथी राऊंड या ब्रिटिश खेळाडूंनी पुरुष आणि महिला एकेरी जिंकली. लीला तेव्हा बावीस वर्षांची. पहिल्या फेरीत समोर ब्रिटनची ग्लॅडिस साऊथवेल. पहिला सेट लीलाने 4-6 असा गमावला. दुसरा 10-8 असा जिंकला. तेव्हा टायब्रेकर नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. तिसरा 6-2. विम्बल्डनच्या एकेरीत भारतीय महिलेने जिंकलेला हा पहिला सामना. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा ॲडॅमॉफने तिला हरवलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, पण पहिल्याच फेरीत बाहेर पडली. इकडे देशात मात्र 1931 ते 1943 या काळात तिने अखिल भारतीय विजेतेपद तब्बल सात वेळा मिळवलं.

पुढे हरीश्वर दयाळ या आयसीएस अधिकाऱ्याशी लग्न झालं. ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. लीलाबाईंनी शास्त्रीय नृत्यावर पुस्तकं लिहिली, आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं केली. आयुष्य मोठं आणि भरलेलं होतं. टेनिस हा त्यातला एक भाग.

आता मूळ मुद्दा. हे करिअर पैसे कमवायचं नव्हतं, पैसे घालायचं होतं. 1968 पर्यंत विम्बल्डनसारख्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. बक्षिसाची रक्कम हा प्रकारच नाही. मुंबईहून बोटीने इंग्लंडला जायला दोन-तीन आठवडे, तिथे राहायचं, सराव करायचा, परत यायचं. हे कोणाला जमणार? ज्यांच्या घरात पैसा आहे, ज्यांना क्लबची दारं उघडी आहेत आणि ज्यांच्या घरात लेकीने खेळावं असं मनापासून वाटतं, त्यांनाच. लीलाकडे गुणवत्ता होतीच. 10-8 चा सेट बापाच्या पैशाने जिंकता येत नाही. पण कोर्टवर पाय ठेवायला आधी घर तसं लागत होतं.

आणि घरावर उभी राहिलेली गोष्ट घरातच संपते. लीलानंतर तिच्या वाटेने मुलींची रांग लागली नाही, कारण वाट सार्वजनिक नव्हतीच. 1998 मध्ये कोइंबतूरच्या निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीतला सामना जिंकला. तिलाही वडिलांनीच घडवलं. 2005 मध्ये सानियाने विम्बल्डनच्या एकेरीत पहिली फेरी जिंकली. लीलाच्या सामन्याला तेव्हा 71 वर्षं झाली होती. तिच्याही मागे आई-वडीलच. प्रत्येक वेळी आपण टाळ्या वाजवतो आणि प्रत्येक वेळी कष्ट एका घराचे असतात.

दुसरीकडे काय होतं? दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. 2002 मध्ये बुसानच्या एशियाडमध्ये मुंबईच्या मनीषा मल्होत्राने महेश भूपतीबरोबर मिश्र दुहेरीचं रौप्य मिळवलं. त्याच सुमारास कोरियाची चो यून-जोंग वर चढत होती. 2003 मध्ये ती जागतिक क्रमवारीत 45 व्या स्थानावर पोचली. 2008 मध्ये निवृत्त झाली. आपल्याकडे हे नाव कोणाला माहीत नसेल, हरकत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. कोरियात शहरांच्या महापालिका, प्रांतांची सरकारं, बँका आणि कंपन्या स्वतःचे टेनिस संघ ठेवतात. होय, महापालिका! इंचॉनचा, देगूचा संघ असतो. खेळाडूला पगार मिळतो, प्रशिक्षक मिळतो, आणि दरवर्षीच्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात ती आपल्या शहरासाठी, प्रांतासाठी खेळते.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. रेल्वे खेळाडूंना नोकरी देते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण ते आरक्षण बहुतेकदा नाव झाल्यावर, प्रमाणपत्र हातात आल्यावर कामाला येतं. त्याआधीची दहा वर्षं कोण सांभाळणार? छोट्या व्यावसायिक स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हातात पडतं ते तिकीट आणि हॉटेललाही पुरत नाही. तरीही बार्शीची प्रार्थना ठोंबरे 2016 च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोचली आणि ऋतुजा भोसलेने 2023 च्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर सुवर्ण आणलं. म्हणजे मुली आपल्याकडे आहेत. उणीव मुलींची नाही.

आता टिटवाळ्याकडे येते. आपल्याकडे बाहेरचे लोक येतात ते महागणपतीला. अंगारकीला स्टेशनपासून रांगा. इथे राहायला येतात ते परवडणाऱ्या घरांसाठी. मांडा, टिटवाळा, जिकडे बघाल तिकडे टॉवर. त्यातल्या काही ब्रोशरमध्ये टेनिस कोर्टाचं चित्रही असतं, पण ते त्या सोसायटीच्या रहिवाशांसाठी. चाळीतल्या मुलीने काय करायचं? 2017 मध्ये आर्यना सबालेंका मुंबईत, चर्चगेटजवळच्या सीसीआयवर स्पर्धा जिंकून गेली. पुढे ती जगात पहिली झाली. ते कोर्ट आपल्यापासून लोकलने दोन तासांवर. शाळा, क्लास सांभाळून रोज चार तास प्रवास करणारी बारा वर्षांची मुलगी किती दिवस टिकेल, हे कसारा लाइनवर लटकलेल्या कोणालाही विचारा.

टेनिस कोर्टाला जागा किती लागते माहितीय? चारही बाजूंची मोकळी जागा धरून साधारण 120 फूट बाय 60 फूट. म्हणजे 7,200 चौरस फूट, सात गुंठ्यांच्या आत. विकास आराखड्यात क्रीडांगणाची आरक्षणं असतात, त्यातल्या एका कोपऱ्यात हे बसतं. सिमेंटचं कोर्ट, जाळी, दिवे, पगारी प्रशिक्षक, आणि संध्याकाळचे दोन तास फक्त शाळकरी मुलींसाठी राखीव. उद्याच चॅम्पियन निघेल असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीच्या घरी क्षमाबाई नाहीत, तिला निदान सुरुवात तरी करता येईल.

काहीजण म्हणतील, इथे पाणी आणि रस्त्यांची बोंब, तुम्हाला टेनिस सुचतंय! पाणी हवंच, रस्ते हवेतच. पण मोकळी जागा एकदा गेली की परत मिळत नाही. रस्ता उद्याही दुरुस्त करता येतो, बिल्डिंगखाली गेलेलं मैदान नाही.

तर एक काम करा. आपल्या वॉर्डात क्रीडांगणाचं आरक्षण कुठे आहे ते आराखड्याच्या नकाशावर शोधा. जागेवर जाऊन बघा, आज तिथे काय आहे. फोटो काढून खाली कमेंटमध्ये टाका. पंधरा-वीस जागांची यादी झाली की आपण सगळे मिळून नगरसेवकांना भेटू. आणि पुढच्या जूनमध्ये लीला रावांचा तो मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी 'विम्बल्डन जिंकणारी' काढून 'विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी' एवढं दुरुस्त करा. तिने जे केलं ते मुळातच पुरेसं मोठं आहे.