पुढे सरकणारा मुहूर्त : मंगळावर माणूस पाठवण्याच्या आश्वासनांचा इतिहास

इतिहासाचा अभ्यास बहुधा घडलेल्या घटनांचा असतो. परंतु एखादी गोष्ट करण्याचे जाहीर आश्वासन वारंवार दिले जाते आणि ती वारंवार घडत नाही, तेव्हा ते न घडणेही इतिहासाचे साधन ठरते. मंगळावर माणूस पाठवण्याची कल्पना अशा साधनांत मोडते. या मोहिमेला गेली सत्तर वर्षे आराखडे मिळाले, तारखा मिळाल्या, राष्ट्राध्यक्षांची भाषणे मिळाली. पैसा मात्र मिळाला नाही. त्याचे कारण केवळ मोहिमेची महागाई, असे सहसा सांगितले जाते. हे उत्तर अपुरे आहे, असे मला वाटते.

या कल्पनेचा पहिला तपशीलवार तांत्रिक आराखडा एका कादंबरीच्या परिशिष्टातून आला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वेर्नर फॉन ब्राउन याने महायुद्धानंतर अमेरिकेत असताना मंगळप्रवासाची कादंबरी लिहिली. तिला त्या काळी प्रकाशक मिळाला नाही. तिचे गणिती परिशिष्ट तेवढे १९५२ साली ‘दास मार्सप्रोयेक्ट’ या नावाने जर्मनीत प्रसिद्ध झाले. दहा याने आणि सत्तर माणसे, असा तो भव्य बेत होता. त्याच्या व्यवहार्यतेविषयी लेखकाचे म्हणणे असे, की एवढ्या मोहिमेला लागणारी सामग्री मर्यादित रणक्षेत्रावरील एखाद्या लहानशा लष्करी कारवाईपेक्षा अधिक नाही. ही तुलना सहज सुचलेली नव्हती. फॉन ब्राउनची व्ही-२ अग्निबाणे युद्धकाळात, छळछावणीतील कैद्यांच्या श्रमांतून तयार झाली होती. खर्चासाठी कोणाची संमती मागावी न लागणारी राज्यसंस्था त्याने पाहिली होती, आणि त्याचे मोजमापही युद्धाचेच होते.

पुढे चंद्राने हे मोजमाप खरे करून दाखवले. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात गेला आणि २५ मे रोजी केनेडींनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरवण्याचा संकल्प सोडला. १९६६ साली अमेरिकी संघराज्याच्या एकूण खर्चातील सुमारे ४.४ टक्के वाटा एकट्या नासाकडे जात होता. अपोलो प्रकल्पावर सुमारे २,५०० कोटी डॉलर खर्च झाले. हा पैसा विज्ञानप्रेमातून आला नव्हता. समोर एक प्रतिस्पर्धी होता, ठरलेली मुदत होती आणि दिवंगत राष्ट्राध्यक्षाचा शब्द होता. हे तिन्ही घटक पुन्हा एकत्र आले नाहीत.

अपोलो-११ परतल्यानंतर दहा-बारा दिवसांतच, ४ ऑगस्ट १९६९ रोजी, फॉन ब्राउनने उपराष्ट्राध्यक्ष स्पिरो अॅग्न्यू यांच्या समितीपुढे नवा बेत मांडला. त्यात १२ नोव्हेंबर १९८१ रोजी प्रस्थान आणि १९८२ साली मंगळावर पदार्पण ठरले होते. मात्र त्याच उन्हाळ्यात आणखी एक प्रसंग घडला होता. अपोलोच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी रेव्हरंड राल्फ अॅबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन उड्डाणकेंद्राशी आले होते. उपाशी माणसांच्या देशात हा खर्च कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. उड्डाणाची कळ न दाबल्याने दारिद्र्य सुटणार असेल तर आम्ही ती दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर नासाचे प्रमुख टॉमस पेन यांनी दिले. उत्तर सहृदय होते, पण प्रश्न त्याने संपला नाही. व्हिएतनाम युद्धाचा भार वाहणाऱ्या देशात निक्सन यांनी मार्च १९७० मध्ये अंतराळखर्चाला इतर राष्ट्रीय गरजांच्या रांगेत उभे केले. १९७२ साली फक्त स्पेस शटलला मान्यता मिळाली आणि मंगळयानासाठी विकसित होत असलेले अणुइंजिन १९७३ मध्ये बंद झाले.

वीस वर्षांनी, २० जुलै १९८९ रोजी, थोरल्या बुश यांनी चंद्र आणि मंगळ यांची पुन्हा घोषणा केली. पुढील वर्षी २०१९ हे सालही सांगितले. नासाने नव्वद दिवसांत अहवाल तयार केला. त्यातून पुढे आलेला खर्चाचा अंदाज दोन-तीन दशकांत मिळून सुमारे ५०,००० कोटी डॉलर इतका होता. अमेरिकी काँग्रेसने निधी नाकारला. यावर रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या अभियंत्यांनी १९९० साली पर्याय सुचवला : परतीचे इंधन पृथ्वीवरून नेऊ नये, मंगळाच्या वातावरणातील कार्बन डायऑक्साइडपासून तेथेच बनवावे. त्यांच्या हिशेबाने खर्च त्या अंदाजाच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली येत होता. तरीही तो बेत कागदावरच राहिला. केवळ महागाई हेच कारण असते, तर स्वस्त आराखड्याची ही गत झाली नसती.

अडचण काळाच्या मापाची आहे. पृथ्वी आणि मंगळ यांच्या गतीमुळे प्रस्थानाची संधी सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा येते. जाऊन येण्यास अडीच-तीन वर्षे लागतात आणि तयारीला दशके. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची, तर अंदाजपत्रक दरवर्षीचे. म्हणजे घोषणा करणारा एक, पैसा देणारा दुसरा आणि श्रेय घेणारा तिसराच. धाकट्या बुश यांनी २००४ साली आखलेला कार्यक्रम ओबामांनी २०१० साली रद्द करण्याचे ठरवले आणि मंगळाच्या कक्षेत माणूस पोहोचवण्यासाठी २०३० च्या दशकाचा मध्य सांगितला. खासगी उद्योगही याला अपवाद नाही : इलॉन मस्क यांनी २०१७ साली अॅडलेड येथे जाहीर केलेले २०२४ चे उद्दिष्टही मागे पडले. दरम्यान यंत्रे मात्र जात राहिली. २०१४ साली कक्षेत पोहोचलेल्या भारताच्या मंगळयानाचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये होता. ज्या यंत्राला परत आणावे लागत नाही, त्याच्यासाठी राजकारणालाही फार वाट पाहावी लागत नाही.

या साऱ्याला लोकशाहीचे अपयश म्हणावे काय? तसे म्हणण्याचा मोह होतो. पण दरवर्षी पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार अॅबरनथींच्या सोबत आलेल्या माणसांचाही होता, हे विसरता येत नाही. दुसरीकडे, जी राज्यव्यवस्था आपल्या मुदतीपलीकडचे काहीच पूर्ण करू शकत नाही, तिला हवामान, पाणी, जंगले यांविषयीचे दीर्घ संकल्पही पेलणार नाहीत. तेव्हा संमती मागायची आणि तीस वर्षे शब्दही पाळायचा, हे दोन्ही एकत्र साधणे हाच मंगळमोहिमेतील खरा कठीण भाग आहे. अग्निबाणाचे गणित १९५२ सालीच मांडले गेले होते. या दुसऱ्या गणिताची मांडणी अद्याप कोणी केलेली नाही.