पाण्यावरचा परवाना

गलबत चौलचं असो, दाभोळचं असो की सुरतेचं. सोळाव्या शतकात ते तांबड्या समुद्राकडे निघालं की नाखवाजवळ एक पोर्तुगीज कागद असावाच लागे. त्याचं नाव कार्ताझ. गलबत कोणाच्या मालकीचं, केवढं, नाखवा कोण, माणसं किती, तोफा-बंदुका किती, निघालं कुठून आणि जाणार कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. सोबत मनाईची यादी. मिरी भरायची नाही. लोखंड, गंधक, सोरा, हत्यारं, जहाजबांधणीचं लाकूड न्यायचं नाही. तुर्कांना चढवून घ्यायचं नाही. जाता-येता गोवा, दीव किंवा होर्मुझ अशा पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरायची. त्यावर शिक्का आणि अधिकाऱ्याची सही.

कागदाची फी किरकोळ होती. खरा पैसा शेवटच्या अटीत होता. दुसऱ्याच्या गलबतातला, दुसऱ्याच्या मुलखात पिकलेला आणि दुसऱ्याच बंदरात विकायचा माल वाट वाकडी करून आपल्या जकातघरात आणायचा, एवढ्यासाठी हा खटाटोप. कार्ताझ नसलेलं किंवा त्यातली अट मोडणारं गलबत सापडलं की ते जप्त होई. माणसं मारली जात किंवा वल्ही मारायला गुलाम म्हणून नेली जात.

वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतजवळ कप्पडला उतरला. तो परतल्यावर 1499 मध्ये पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाने इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान इथल्या ‘विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी’ असा किताब स्वतःला लावून घेतला. तेव्हा या किनाऱ्यांवर त्याच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती. आधी मालकी जाहीर झाली आणि ती खरी करण्याची साधनं नंतर शोधली गेली. कार्ताझ हे त्यांतलं सर्वांत स्वस्त साधन.

1502 मध्ये गामा दुसऱ्यांदा आला तो लढाऊ ताफा घेऊन. मलबारच्या किनाऱ्याजवळ मक्केहून परतणारं एक मोठं जहाज त्याने अडवलं. त्यात यात्रेकरू होते, बायका-मुलं होती. माल काढून घेतल्यावर त्याने ते माणसांसकट पेटवून दिलं. त्याच ताफ्यातल्या तोमे लोपेश याने पाहिलेलं लिहून ठेवलं आहे: बायका अंगावरचं सोनं काढून दाखवत होत्या, तान्ही मुलं उचलून दयेची याचना करत होत्या. गामाने ऐकलं नाही. याच सफरीच्या सुमारास कन्नूर, कोची, कोल्लम या मैत्रीच्या बंदरांतल्या गलबतांना ओळखीचे कागद देण्याची रीत पडली. या दोन गोष्टी मी एकमेकींपासून तोडून पाहू शकत नाही. त्या जळत्या जहाजाची बातमी किनाऱ्यावर पसरली नसती, तर कागद मागायला कोण कशाला गेलं असतं?

त्याआधी या समुद्रावर सगळा आनंदीआनंद होता, असं मात्र नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता कर्नाटकाच्या किनाऱ्यावर बारकूरला आला, तेव्हा समोरून जाणाऱ्या गलबताने तिथे थांबून राजाला नजराणा द्यावा, न दिल्यास पाठलाग करून त्याला आणावं, अशी चाल त्याने पाहिली. चाचेही होतेच. पण बारकूरच्या राजाचा हात त्याच्या किनाऱ्यापुरता पोचे. मलाक्क्यापासून होर्मुझपर्यंतचं सगळं पाणी एकाचं आणि त्यावर फिरायला त्याची परवानगी हवी, असा दावा इथे कोणी केल्याचं दिसत नाही. आफोन्सो द आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा, 1511 मध्ये मलाक्का आणि 1515 मध्ये होर्मुझ घेतलं आणि या दाव्याला ठाणी मिळाली.

जुआंव द बारूश या पोर्तुगीज इतिहासकाराने दाव्याला कायद्याची बैठक द्यायचा प्रयत्न केला. समुद्र सर्वांना खुला हा नियम युरोपातल्या ख्रिस्ती लोकांपुरता, मुसलमानांना आणि मूर्तिपूजकांना तो लागू नाही, असा त्याचा युक्तिवाद. 1609 मध्ये ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताने समुद्र कोणाच्याच मालकीचा नसतो असं ठासून मांडलं. पुढे त्याच डचांची कंपनी आशियातल्या गलबतांना स्वतःचे परवाने घ्यायला लावू लागली.

जमिनीवरच्या बलाढ्य सत्तांनीही कार्ताझपुढे मान तुकवली, हे मला सर्वांत बोचतं. डिसेंबर 1534 मध्ये हुमायूनच्या भीतीने गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई सोडली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या गलबतांनी वसईहून कार्ताझ घेऊन निघावं आणि परतताना तिथेच जकात भरावी, असं त्यात ठरलं. अकबराने गुजरात जिंकल्यावर त्यालाही मक्केच्या जहाजासाठी कार्ताझ घ्यावा लागला. त्याची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, ती परवान्यापायी सुरतेत बराच काळ अडकून पडली. दरबारातल्या मख्दूम-उल-मुल्कने तर हजचं बंधनच आता उरलेलं नाही, असा निवाडा दिला. कारण समुद्रमार्गाने जायचं तर मरियम आणि येशूची चित्रं असलेला फिरंग्यांचा कागद जवळ बाळगावा लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. हे अकबराच्या काळातला इतिहासकार बदायुनी याने नोंदवून ठेवलं आहे.

कागद घेतला म्हणून संरक्षण मिळेच असंही नाही. 1613 मध्ये जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज कार्ताझ असूनही पोर्तुगीजांनी पळवलं. जहांगीरने दमणला वेढा घालायला फौज धाडली. सुरतेत नुकतेच पाय रोवू लागलेल्या इंग्रजांच्या हे पथ्यावर पडलं.

कोकण किनाऱ्यावर या कागदाला कागदानेच उत्तर मिळालं. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमार उभं केलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात ‘कौली’ सावकारांचा उल्लेख येतो. आपला कौल घेतलेल्यांना कसलाही उपद्रव होऊ नये, ही त्यातली ताकीद. म्हणजे परवाना देणं हे राज्याचं काम आहे आणि दिलेल्या परवान्याची राखणही राज्यानेच करायची, हे इथे पक्कं समजलेलं होतं.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांनी ते अमलात आणलं. कुलाबा आणि विजयदुर्गच्या बळावर त्यांनी आपल्या किनाऱ्यासमोरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांना आपलं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावलं. मुंबईकर इंग्रजांशी 1713 मध्ये तह झाला. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांना हात लावायचा नाही, इथवर ठीक होतं. भांडण पेटलं ते मुंबईतल्या देशी सावकारांच्या मालावरून. आमचा पास असला की पुरे, असं इंग्रज म्हणत. माझं दस्तक हवं, असं कान्होजी म्हणत. गव्हर्नर बून याने 1717 मध्ये विजयदुर्गावर, 1718 मध्ये खांदेरीवर आरमार पाठवलं. 1721 मध्ये इंग्रज पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चालून गेले. तिन्ही वेळा हात हलवत परतावं लागलं.

इंग्रजांच्या दप्तरात कान्होजी चाचेच राहिले. 1724 मधल्या पत्रव्यवहारात त्यांनी गव्हर्नर फिप्सला सुनावलं होतं की, दुसऱ्याचं घेण्याच्या हव्यासातून व्यापारीही सुटलेले दिसत नाहीत. आमच्याकडच्याही काही पुस्तकांत कान्होजींना चाचा म्हटलेलं वाचलं की संताप येतो. इंग्रज आणि कान्होजी, दोघंही तेच करत होते. फरक असला तर एवढाच की, कान्होजी स्वतःच्या किनाऱ्यासमोर करत होते.

फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्ग पडला. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याशी वैर धरलेल्या नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांना मदतीला घेतलं होतं. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं आणि कोकणात इंग्रजांच्या पासाला जाब विचारणारं फारसं कोणी उरलं नाही. हा हल्ला करणारे वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षाअखेर बंगालमध्ये पोचले. तिथेही भांडण दस्तकावरूनच पेटलेलं होतं, पण ते दस्तक कंपनीचं. 1717 च्या मुघल बादशहा फर्रुखसियरच्या फर्मानाने कंपनीला वर्षाकाठी 3000 रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकात माफ झाली होती. कंपनीचे नोकर जकातमाफीच्या त्या दस्तकावर आपला खासगी माल फुकट नेत, देशी व्यापाऱ्यांना दस्तकं विकत. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याची ही एक मोठी तक्रार होती. 1757 मध्ये प्लासीच्या लढाईत तो हरला. नंतरचा नवाब मीर कासिम याने 1763 मध्ये वेगळी वाट धरली आणि सगळ्यांचीच जकात माफ केली. देशी व्यापारी आपल्या बरोबरीला येतो, हे कलकत्त्याच्या कौन्सिलला सोसेना. युद्ध झालं, 1764 मध्ये बक्सार झालं, 1765 मध्ये कंपनीला दिवाणी मिळाली. 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ही दस्तकं बंद केली, तोवर जकात गोळा करण्याचा हक्क कंपनीच्याच हातात आलेला होता.